तासभर सलग पळवायची गाडी

डिझेल चांगलं की पेट्रोल, या विषयावर मी चाळीस वर्षं लोकांशी भांडलो आहे. लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, एकदा तर न्हाव्याच्या खुर्चीत, अर्धी दाढी झालेली असताना. मी डिझेलवाला. माझं गॅरेज होतं तोवर पेट्रोलची गाडी दारात आली की मी ती दुरुस्त करायचो, पण तिच्याशी बोलायचो नाही.

तरीही गिऱ्हाइकाला कधी चुकीचा सल्ला दिला नाही. ज्याला पेट्रोल सोयीचं, त्याला तोंड वाकडं करून का होईना, पेट्रोलच घ्यायला सांगितलं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण यंदा मी पोटच्या मुलीलाच फसवायला निघालो होतो.

मुलगी जनावरांची डॉक्टर. तिने एका ट्रेलरवर फिरता दवाखाना बांधून घेतला. आत टेबल, पाण्याची टाकी, एक्स-रेचं छोटं यंत्र, औषधांची कपाटं. सगळं भरून दीड टन वजन. आता तो ओढायला पिकअप हवी होती, आणि ती मिळाली की बाईसाहेब ऐंशी किलोमीटरवरच्या गावी राहायला जाणार होत्या. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. "चला, आता घर मोकळं होईल," असं मी येईल-जाईल त्याला सांगत सुटलो होतो. खरं म्हणजे मोकळं घर मला नको होतं.

तिने दर रविवारी घरी यावं, एवढंच मला हवं होतं. पण तसं सांगायची सवय नाही. ती शिकायला बाहेर होती तेव्हाही मी फोनवर म्हणायचो, "स्कूटरचं ऑइल बदलायला झालंय, घेऊन ये." तिच्या स्कूटरइतकं ऑइल जगात कुठल्या स्कूटरने प्यायलं नसेल.

या वेळी मला जाळी आठवली. हल्लीच्या डिझेल गाडीत सायलेन्सरच्या आधी काजळी अडवणारी एक जाळी असते. गाडी तासभर सलग पळाली, धुराची नळी नीट तापली, की काजळी आतल्या आत जळून जाते. नुसत्या छोट्या फेऱ्या मारल्या तर जाळी तुंबते. मुलीचं रोजचं काम म्हणजे या गोठ्यातून त्या गोठ्यात, तीन-तीन किलोमीटरच्या उड्या. म्हणजे आठवड्यातून एकदा गाडी लांब न्यावीच लागणार. आणि लांब न्यायचीच तर बापाकडे नाही तर कुठे नेणार? खरं तर हे पेट्रोल घेण्याचं कारण होतं. मी ते डिझेल घेण्याचं कारण करून टाकलं.

"डिझेल," मी स्वयंपाकघरात जाहीर केलं. "डोळे मिटून घे."

"मी तर डोळे उघडे ठेवून घेणार आहे," ती म्हणाली. "आधी ओढून बघू."

माझीच मुलगी. तिने शोरूममधून अर्ध्या दिवसासाठी पेट्रोलची पिकअप मागून आणली. डिझेलची माझी होतीच. आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीमागे एक उभा चढ आहे, तिथे आम्ही ट्रेलर नेला.

आधी पेट्रोल. चढाला लागताच इंजिनाने सूर वर नेला, तिने दोनदा गियर खाली घेतला.

"रडतेय बिचारी," मी म्हणालो.

"रडत नाही, ओरडतेय. चढतेय ना?"

चढली. मध्येच थांबवून पुन्हा उचलली, तरी कुरकुर न करता उचलली. दीड टनाला ही गाडी पुरेशी होती. हे मला सीटमध्ये बसल्या बसल्या कळलं, आणि मी म्हणालो, "आता खरी गाडी बघ."

मग माझी डिझेल. तिसऱ्या गियरमध्ये, आवाज न वाढवता, ओझ्याची सवय असलेल्या बैलासारखी वर गेली. माझी छाती फुगली. मी तोंड उघडणार, तेवढ्यात डॉक्टरीणबाई डॅशबोर्डवरच्या काट्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "बाबा, हा पिवळा दिवा कधीपासून लागलाय?"

"कुठला?" मी खिडकीबाहेर बघत विचारलं.

"जाळीचा."

"असेल चार-पाच महिने."

"गाडी जाते कुठे कुठे?"

"भाजी आणायला." मी आठवून पाहिलं. "भाजी आणायलाच."

मंडई घरापासून पाऊण किलोमीटरवर आहे. हिची आई होती तेव्हा सुट्टी दिसली की आम्ही दोघं याच गाडीने कुठल्या कुठे जायचो. नंतर मला एकट्याला कुठे जावंसंच वाटलं नाही.

तिने किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "आता मी गिऱ्हाईक. मुलगी विसरा. दीड टन ओझं, दिवसाला आठ छोट्या फेऱ्या. कुठली घेऊ?"

गिऱ्हाईक म्हटल्यावर माझा नाइलाज झाला. "पेट्रोल," मी म्हणालो. आणि एकदा तोंड उघडल्यावर बाकीचंही बाहेर पडलं. जाळी, ऐंशी किलोमीटर, रविवार, सगळं.

मला वाटलं, ती हसेल. ती भडकली. "म्हणून एवढं धूड माझ्या गळ्यात मारणार होतात? सरळ सांगता येत नाही?"

"नाही येत."

"आणि मला रविवारी सुट्टी असते असं कोणी सांगितलं? गाई काय वार बघून आजारी पडतात?" मग तिचा आवाज खाली आला. "दर आठवड्याला मला नाही जमणार, बाबा. खोटं कशाला सांगू?"

माझा रविवार गेला. पण चूक तिची नव्हती. मी मान हलवली.

आम्ही ट्रेलर सोडवला. हात पुसता पुसता ती म्हणाली, "आणि तुमच्या जाळीचं काय?"

"बघू कधीतरी."

"कधीतरी नाही. तासभर सलग पळवायची, दर आठवड्याला. तुम्हीच सांगितलंत. रस्ता सरळ आहे, शेवटी माझं घर आहे."

मी बहाणा शोधू लागलो. एकही सापडेना.

पेट्रोलची पिकअप विकत घेऊन ती नव्या गावी राहायला गेली. पुढच्या रविवारी मी निघालो. निम्म्या वाटेत पिवळा दिवा विझला. तिथूनही परत फिरता आलं असतं, पण तसं मनातही आलं नाही. ती घरी नव्हती. शेजाऱ्यांना विचारत विचारत एका गोठ्यावर पोचलो, तर कमरेएवढ्या वासराच्या सुजलेल्या पायाशी बसली होती. वर न बघताच म्हणाली, "आलात? हा पाय धरा. घट्ट."

मी नवा सदरा घातला होता. गुडघे टेकले आणि पाय धरला.

गोठ्याच्या मालकाने मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "डॉक्टर, हे कोण?"

"माझे बाबा," ती इंजेक्शन भरत म्हणाली. "दर रविवारी येतात."

मी तेव्हा पहिल्यांदाच गेलो होतो.