देवमाशाची शेपटी आणि तिसरी खुर्ची

छापखान्यात मी मुद्रिते तपासत असे. दुसऱ्यांच्या चुका काढणे एवढेच मला बरे जमे, आणि त्यातल्याही दोन-चार सुटत. एकदा एका ज्ञानकोशाच्या मजकुरात निळ्या देवमाशाची लांबी तीनशे मीटर आढळली. एक शून्य जास्त पडले असणार, पण खात्री करावी म्हणून वाचनालयात गेलो आणि, खरे सांगायचे तर, तिथून परत आलोच नाही. पुढच्या तीस वर्षांत देवमाशांवर चार पुस्तके लिहिली. देवमासा मात्र एकदाही पाहिला नाही. मला बोट लागते.

पुस्तके खपली ती माझ्यामुळे नव्हे, ताईमुळे. ताई माझी थोरली बहीण. घरातच शिवणकाम करते. पहिल्या पुस्तकाच्या वेळी तिने विचारले, तीस मीटर म्हणजे किती? मी दोन्ही हात फाकवून दाखवले. तुलाच माहीत नाही तर लोकांना काय सांगणार, कपाळ, असे म्हणून तिने गळ्यातली मापाची टेप काढली. देवमाशाचे नाक आमच्या शेगडीपाशी धरून आम्ही मोजत निघालो. शिवणयंत्र, उंबरा, पायऱ्या, रस्ता, समोरचे सलून. वीस टेपा भरल्या तेव्हा शेपटी सलूनवाल्याच्या तिसऱ्या खुर्चीच्या पाठीला टेकली. तसेच छापले. पुढे माझे प्रत्येक माप घरातूनच निघू लागले.

सलूनवाल्याने खुर्चीवर पाटी लावली, 'देवमासा इथे संपतो.' वाचक लांबून येत, शेगडी पाहत, पावले मोजत रस्ता ओलांडत आणि आलोच आहोत तर म्हणून केस कापून घेत.

यंदा पहिल्या पुस्तकाची पाचवी आवृत्ती निघायची होती. त्याच आठवड्यात ताईने नवी टेप आणली, जुनीशेजारी ठेवली आणि मला हाक मारली. जुनी टेप कापडी, आईच्या वेळची. ओढून ओढून ती कधीच चार सेंटिमीटर ताणली गेली होती. वीस टेपांचे ऐंशी सेंटिमीटर. माझा देवमासा तिसऱ्या खुर्चीपर्यंत पोचतच नव्हता.

इतकी वर्षे तिने शिवलेले कपडे कसे बसले, हे मला कळेना.

"माणूस आणि कापड एकाच टेपने मोजलं," ताई म्हणाली. "तुझा देवमासा तेवढा परक्या टेपचा."

मला हसू आले नाही. दुसऱ्याच्या शून्यावर बोट ठेवून मी या धंद्यात आलो होतो. ज्याने देवमासा पाहिला नाही, त्याला निदान मोजता तरी यायला हवे होते. आवृत्ती थांबवा, पुस्तक मागे घ्या, असे पत्र प्रकाशिकाबाईंना लिहून खिशात ठेवले. मुखपृष्ठाच्या फोटोसाठी त्यांनी बोट ठरवली होती. पत्र तिथेच, फोटोच्या गडबडीत हातात द्यायचे, म्हणजे समजूत घालायला त्यांना उसंत मिळणार नाही.

बोटीवर पहिला तास मी कठड्याला धरून काय केले, ते लिहीत नाही. सोबत आलेली ताई पाठ चोळत होती. मग श्वास ऐकू आला. तापलेल्या इस्त्रीवर पाणी पडावे तसा, पण इस्त्री खोलीएवढी. पाठोपाठ पाण्यातून काळसर पाठ वर आली आणि जातच राहिली, जातच राहिली.

"अजून आहे?" ताईने विचारले.

अजून होता. शेवटी शेपटी उभी राहिली, तिच्यावरून पाणी पडद्यासारखे ओघळले आणि समुद्र पुन्हा सपाट झाला. हा कुठला रे, असे ताईने विचारले. चार पुस्तके लिहिलेल्या माणसाला एक नाव आठवेना. मी नुसता हसत होतो. मला बोट लागते हे मी विसरूनच गेलो होतो. प्रकाशिकाबाईंनी फोटो काढायचा तो राहूनच गेला. त्याही तोंड उघडे टाकून बघत होत्या.

ताईने पिशवीतली नवी टेप जराशी बाहेर काढली आणि परत आत टाकली. माझा हात खिशावर होता, तो तिने पाहिला.

"खोटं कुठे बोललास? चुकलास. चूक सांगायची असते, पुस्तक कशाला बुडवायचं?"

पत्र खिशातच राहिले. प्रस्तावनेत चूक कबूल करायची असे ठरले. पण त्याआधी सलूनवाल्याला सांगणे भाग होते, आणि त्याची मला पत्राहून जास्त धास्ती. त्याची पाटी, त्याची गिऱ्हाइके. मी अडखळत सगळे सांगितले. त्याने एका गिऱ्हाइकाचा अर्धा गाल तसाच ठेवून ताईच्या नव्या टेपने आमच्या शेगडीपासून खुर्चीपर्यंत स्वतः मोजले.

"काका, देवमासा काही वाढायचा नाही," तो म्हणाला. "खुर्ची मात्र सरकते. चारच तर स्क्रू."

संध्याकाळपर्यंत तिसरी खुर्ची ऐंशी सेंटिमीटर दाराकडे आली. पाचव्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मी टेपची चूक लिहिली, खुर्चीचेही लिहिले. वाचक आता खुर्चीची जुनी आणि नवी, दोन्ही जागा मोजायला येतात. दुसरी आणि तिसरी खुर्ची मात्र फार जवळ आल्या आहेत. कुणाचे कोपर शेजाऱ्याला लागले की सलूनवाला कात्री न थांबवता म्हणतो, "कोपर आत घ्या साहेब, शेपटी आहे."