कथेतल्या आईचं वाक्य

“मावशी, पुन्हा घेऊ. जरा कडक हवं,” काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला.

मावशींनी पाण्याचा घोट घेतला आणि कागद सरळ केला. लोककथा वाचून रेकॉर्ड करण्यात त्यांची उभी हयात गेली होती. राक्षस, चेटकीण, कोल्हा, सगळे त्यांच्या गळ्यात सुखाने नांदत. आज मात्र एका साध्या आईपाशी गाडी अडली होती. आईचं न ऐकता पोरगा पूल ओलांडून जातो, वर्षांनी परततो, तर शिक्षा म्हणून आई त्याला ओळखतच नाही. एवढीच कथा.

त्यांनी वाचलं, “दारात कोण उभं आहे? मी तुला ओळखत नाही.” आणि मग, आवाज खाली आणून, “जेवलास का?”

“ते ‘जेवलास का’ कागदावर नाहीये, मावशी.”

“माहितेय रे. डोळे शाबूत आहेत माझे.”

चौथ्यांदाही तेच झालं. रेकॉर्डिस्टने कपाळाला हात लावला.

सहा वर्षांपूर्वी मुलगा त्यांच्या मनाविरुद्ध बोटीवर नोकरीला निघाला, तेव्हा मावशींनी त्याला बजावलं होतं, “गेलास तर परत या दारात येऊ नकोस. मी ओळख दाखवणार नाही.” रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते बोलतो. पण तो गेला तो गेलाच. त्याच्या आठवणीने जीव कासावीस झाला नाही असा एक दिवस गेला नव्हता, आणि आधी फोन करायला मात्र हात धजत नव्हता.

“मुलं घाबरली पाहिजेत ना,” रेकॉर्डिस्ट समजुतीने म्हणाला. “नाहीतर आईबापांचं ऐकतील कशाला?”

“ऐकतात रे,” मावशी म्हणाल्या. “नको तितकं ऐकतात.”

त्याला काही उमगलं नाही. “बरं, वाचू नका परत. मी तेवढे शब्द कापून टाकतो.”

“कापलेलं काय करतोस?”

“काय करणार? फेकून देतो.”

“फेकू नकोस. मला पाठव.”

फोनवर आलेला तो तुकडा मावशींनी एकदाही ऐकला नाही. यादीतून मुलाचं नाव शोधलं, तुकडा तसाच त्याला धाडला आणि फोन समोर टेबलावर ठेवला.

“मावशी, फोन बंद करा ना. मध्येच वाजला तर सगळं पहिल्यापासून घ्यावं लागेल.”

“घेऊ की,” मावशी म्हणाल्या आणि कोल्ह्याच्या गोष्टीचा कागद पुढे ओढला.