मागच्या सालचं फूल

डोंगरावरचं बर्फ हातभर मागे सरकलं की शोदमोनचं घरात मन लागत नसे. गेली एकवीस वर्षं खुशोब गावात पहिलं सियोहगुश तोच शोधून आणत होता. हे फूल जांभळं, खालच्या पाकळ्या काळ्याभोर आणि त्यांवर पिवळी रेघ. यंदा मात्र अर्धा उतार उघडा पडला, तरी हा आपला संदलीच्या, म्हणजे निखाऱ्यांवर मांडलेल्या बुटक्या मेजाच्या, रजईत पाय घालून बसलेला.

"गुडघा दुखतोय," तो म्हणाला.

"काल बकरीमागे धावलात तेव्हा नव्हता दुखत," जेबो म्हणाली. चाळीस वर्षांच्या संसारात नवऱ्याचे दोन्ही गुडघे आणि सगळ्या सबबी तिला पाठ झाल्या होत्या.

"यंदा दुसरं कोणीतरी आणेल की."

"आणेल. आणि करोमतदादांच्या दारात उभं राहायचं तुमचं टळेल. सरळ सांगा ना तसं."

शोदमोनने चहाच्या वाटीत तोंड खुपसलं. बायकोला खरं बोलायची खोड होती आणि त्यावर औषध नव्हतं.

गोष्ट अशी झाली होती. खुशोबात पहिलं फूल घरोघर फिरवतात. फूल घेऊन एक जण पुढे, मागे पोराटोरांची गाणारी पलटण. दारात आलं की घरातलं प्रत्येक माणूस फूल तीनदा डोळ्यांना लावतं आणि म्हणतं, या वसंतापर्यंत पोचलो. मग घरची बाई पोरांच्या झोळीत अक्रोड, वाळलेली तुती, नानचा तुकडा टाकते. थोरल्या भावाच्या अंगणात वडिलांनी लावलेलं तुतीचं झाड होतं. त्याच्या मुळांनी भिंत फोडली म्हणून करोमतने ते तोडलं, धाकट्याला एका शब्दानेही न विचारता. शोदमोनच्या डोक्यात सणक गेली. मागच्या वसंतात गावातल्या बेचाळीस दारांपैकी एक दार त्याने गाळलं. नुसतं गाळलं नाही, पोरांना म्हणाला, "इथे जरा मोठ्याने गा," आणि फूल उंच धरून दारावरून पुढे निघून गेला.

भांडण झाडाचं होतं. पण झाड तोडणाऱ्या करोमतबरोबर त्याच दाराआड मोहबेगिम वहिनीही राहत होती. आई गेली तेव्हा शोदमोन नऊ वर्षांचा होता. नवी नवरी म्हणून आलेल्या वहिनीने त्याला न्हाऊमाखू घातलं होतं, त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या होत्या, आपल्या ताटातलं पहिलं नान त्याला दिलं होतं. ती त्याच साली, पानं गळून गेल्यावर, छातीच्या दुखण्याने गेली. तिला खांदा द्यायला शोदमोन होता. दोघे भाऊ एकाच जनाज्याखाली चालले आणि एकमेकांशी बोलले नाहीत.

मुल्ला म्हणाला होता, मरण फुलावर लिहिलेलं नसतं. शोदमोनलाही ते कळत होतं. पण ज्या दारी फूल गेलं नाही त्या दारातलं माणूस पुढचा वसंत बघत नाही, हे तो लहानपणापासून ऐकत आला होता, आणि गावात कोणी त्याला ते बोलून दाखवलं नाही, हेच त्याला जास्त झोंबलं.

आणखी एक मेख होती. ज्या दारातून फूल परत पाठवलं जातं, ते मग दुसऱ्या कुठल्याच दारी नेत नाहीत. करोमतने तोंडावर दार लावलं असतं तर अख्ख्या गावाचा वसंत त्या उंबरठ्यावर अडकला असता. आणि करोमत दार लावणारच, याबद्दल शोदमोनला तिळमात्र शंका नव्हती. आपण त्याच्या जागी असतो तर लावलंच असतं.

"उठा," जेबो म्हणाली. "पाहिजे तर पोरांना बोलवू नका. एकटे जा. त्यांचं दार आधी घ्या. बंद झालं तर तुम्ही आणि ते, दोघांतच राहील."

"आणि गावाचं फूल?"

"डोंगरावर एकच उगवतं का?"

शोदमोनने चोगा चढवला, काठी घेतली आणि पुटपुटत बाहेर पडला.

ऊन वर येईपर्यंत तो घोडखिंडीच्या उजव्या उतारावर पोचला. बर्फाची कड ठिबकत होती आणि कडेखालच्या ओल्या, खडीच्या मातीत एकच सियोहगुश उभं होतं. या फुलाला दांडी अशी नसतेच. पानंही अजून बोटभरच, चौकोनी, टोकदार. जमिनीतून थेट फूल निघतं. ओढलं तर जाळीदार सालीचा कांदा मुळासकट हातात येतो आणि पुढच्या साली तिथे काहीच उगवत नाही. म्हणून नखाने मातीलगत खुडायचं. हे त्याला वहिनीनेच शिकवलं होतं. पहिल्यांदा त्याने कांदाच उपटून आणला, तेव्हा ती कमरेवर हात ठेवून म्हणाली होती, "शाब्बास! लसूण आणलास होय? चल, फोडणीला टाकते." आणि मग त्याचा हात धरून तो कांदा परत पुरायला इथवर चढून आली होती.

शोदमोनने फूल खुडलं. नखाने, मातीलगत, कांदा जागच्या जागी ठेवून.

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं त्या घरी फूल न गाता नेतात. त्यामुळे तो गुपचूप दारात उभा राहिला आणि कडी वाजवली. करोमतने दार उघडलं. सत्तरीचा उंच माणूस, पण वहिनी गेल्यापासून खांद्यात वाकला होता. त्याने भावाकडे पाहिलं, मग फुलाकडे.

"वाट चुकलास?" तो म्हणाला.

"मागच्या साली चुकलो होतो, दादा."

करोमतने दार लावलंही नाही आणि पुरतं उघडलंही नाही. शोदमोनला वाटलं, निदान शिव्या तरी घाल.

"तिने ऐकलं होतं रे," शेवटी करोमत म्हणाला. "तू पोरांना मोठ्याने गायला लावलंस ना? सगळं ऐकलं. झोळीत टाकायचा खाऊ बांधून दारामागे उभी होती. गाणं पुढे गेलं तर मला म्हणते, येताना येईल बघा. शोदमोन आहे तो, येताना येईल." त्याने कडीकडे बोट केलं. "संध्याकाळपर्यंत दाराची कडी लावू दिली नाही तिने मला."

शोदमोनला रडू फुटलं. साठी ओलांडलेला माणूस, पण उंबरठ्यावर उभ्या उभ्या पोरासारखा रडला.

करोमत आत गेला आणि चिटाच्या रुमालाची एक पुरचुंडी घेऊन आला. गाठ वहिनीचीच होती, उजवं टोक आत खोचलेली. "तुझं आहे. दुसऱ्या कुणाला द्यायचं नाही म्हणाली होती. मी रागाने एकदा फेकायला काढलं होतं, पण हात उठला नाही." मग त्याने फुलासाठी हात पुढे केला. तीनदा डोळ्यांना लावलं, एकेका डोळ्यावर जरा थांबून. "या वसंतापर्यंत पोचलो," तो म्हणाला आणि फूल परत दिलं. "हे यंदाचं झालं. हे गावभर फिरव. पण तिचं मागच्या सालचं राहिलंय, शोदमोन. ते आण."

"आत्ता?"

"मग काय, गुडघा बरा झाल्यावर?"

म्हणजे जेबोने आधीच येऊन बोलणी करून ठेवली होती. शोदमोनला राग यायला हवा होता, पण तो आला नाही. गावाचं फूल पाण्याच्या वाटीत करोमतच्या कोनाड्यात ठेवलं आणि तो पुन्हा उताराला लागला. खिंडीपाशी पोचतो तोच मागून दम लागल्याचा आवाज आला.

"हळू चाल की," करोमत ओरडला. "म्हातारा भाऊ मागे आहे."

दुसरं फूल जरा खाली, एका दगडाच्या आडोशाला सापडलं. करोमत ते दाखवून बाजूला झाला. "तू खुड. तुझ्याच हातचं हवं होतं तिला. आणि कांदा उपटू नकोस."

"लसूण म्हणा," शोदमोन म्हणाला. करोमत हसला. वर्षभरात पहिल्यांदाच.

कबरस्तान वाटेवरच होतं. मोहबेगिमच्या मातीवर अजून दगड बसवला नव्हता. शोदमोन तिच्या उशाशी गुडघ्यांवर बसला आणि फूल तीनदा मातीला टेकवलं, जिथे डोळे असतील असं त्याला वाटलं तिथे. म्हणायचं ते तिच्या वतीने त्यानेच म्हटलं.

"मागच्या वसंतापर्यंत पोचलात, वहिनी. मीच पोचलो नाही."

दोघे भाऊ तिथेच बसले. शोदमोनने पुरचुंडी सोडली. तुती दगडासारखी कडक झाली होती. एक अक्रोड त्याने भावाला दिला, एक स्वतः फोडला. वर्षभराचा तो, पार खवट झाला होता. करोमतने तोंड वाकडं करून थुंकून टाकला.

शोदमोनने आपला सगळा चावून खाल्ला आणि मग दुसरा फोडला.

"चल आता," करोमत म्हणाला. "एक्केचाळीस दारं खोळंबलीत."