धरलेली टाळी

सरपंच शिवमूर्ती सकाळपासून तिसऱ्यांदा गुरम्मावहिनीच्या दारात आला होता.

"वैनी, भजनाच्या समद्या बायका पुढं बसवा. मी खांद्यावरचा रुमाल काढला की टाळ्या. तेवढंच काम हाय."

"आन् मंत्री काय बोलणार हाईत?" गुरम्मानं विचारलं.

शिवमूर्तीनं आधी नजर चुकवली, मग सांगून टाकलं. लातूर जिल्हा वेगळा होऊन वर्षही झालं नव्हतं. नव्या जिल्ह्यानं टंचाई कशी निभावली, हे सांगत उपमंत्री जळकोटच्या बाजूनं गावोगाव फिरत होते. हळदवाडीत ते म्हणणार होते की इथं रोज टँकर येतो. भाषणाच्या कागदावर तसंच लिहिलं होतं.

"आठ दिवसाला येतो तो, भावजी."

"मला म्हाईत न्हाई का? पण आज गप ऱ्हावा. बोललो तर आठाचाबी बंद करतील."

"आन् टाळ्या वाजवल्या तर गावानंच कबूल केलं म्हणतील. मग कुठल्या तोंडानं मागायचं पाणी?"

शिवमूर्ती खांद्यावरचा रुमाल चाळवत राहिला. गुरम्मानं त्याच्याकडं क्षणभर बघितलं.

"जावा तुमी. येतो आमी. टाळ्याबी वाजवतो. लई वाजवतो."

तो सुटल्यासारखा गेला.

हळदवाडीच्या मठात दर सोमवारी बायकांचं भजन असे आणि वीस वर्षांपासून टाळी धरायचा मान गुरम्माचा होता. या भजनाची एक रीत होती. म्हणणारी ओळ चुकली तर तिला कुणी टोकायचं नाही. बाकीच्यांनी शब्द सोडायचे आणि नुसती टाळी चालू ठेवायची, ती बरोबर ओळीवर येईपर्यंत. नवी सून असो की मठाचे स्वामी, सूट कुणाला नव्हती. एकदा खुद्द स्वामींसाठी टाळी इतकी लांबली होती की समईत दुसऱ्यांदा तेल घालावं लागलं.

चार वाजता शाळेच्या पटांगणात ताडपत्रीखाली सभा भरली. पुढं भजनाच्या बायका, खडी फोडून हात राठ झालेल्या. मागं रोजगार हमीच्या कामावरनं तशीच आलेली माणसं. उपमंत्र्यांनी नव्या जिल्ह्याचं कौतुक केलं, गावाच्या सोशिकतेचं केलं, मग आवाज चढवला.

"या हळदवाडीत आपल्या सरकारचा टँकर रोज येतो!"

शिवमूर्तीनं रुमाल काढला.

गुरम्मानं टाळी दिली. एक संथ, मागोमाग दोन जलद. शेजारच्या शरणम्मानं ती उचलली, मग सगळ्या ओळीनं. उपमंत्र्यांनी हसून हात जोडले. थोडं थांबून हात वर केला. टाळी चालूच होती. एक संथ, दोन जलद.

"सरपंच, फार प्रेमळ गाव आहे हो तुमचं!"

शिवमूर्तीनं रुमाल खांद्यावर टाकला, परत काढला, पिळला.

"तर बंधू-भगिनींनो, रोज टँकर येतो म्हणूनच..."

टाळी वाढली. भजनाला कधी न येणारी धुरपताबाईही आता त्याच ठेक्यावर होती, आणि मागची माणसंही. ही टाळी कसली आहे, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. व्यासपीठावर ते एकट्या शिवमूर्तीला कळत होतं.

तो खाली उतरून गुरम्मापाशी वाकला. "वैनी, पाया पडतो. सोडा आता."

"वळ चुकलीय," ती हात न थांबवता म्हणाली. "जाऊन सांगा त्यास्नी."

"मी? माझी खुर्ची जाईल."

"मग बसा ऐकत. आमाला सवय हाय."

गुरम्माचे तळवे चुरचुरत होते. हे अंगाशी आलं तर आठ दिवसांचा टँकरही जाणार, हे तिला पक्कं माहीत होतं. तिनं ठेका सोडला नाही.

शिवमूर्ती उभाच राहिला. एकदा त्यानं बायकांकडं बघितलं, एकदा व्यासपीठाकडं. मग रुमाल खिशात कोंबला, पायऱ्या चढला आणि उपमंत्र्यांच्या कानाशी लागला. माइक चालू होता.

"आठ?" भोंग्यातून सगळ्या गावानं ऐकलं. "रोज नाही? मग मला हे कुणी लिहून दिलं?"

मागच्या खुर्चीवरचा अधिकारी बुटाकडं बघत राहिला. उपमंत्र्यांनी घसा खाकरला. टाळी चालूच होती.

"या गावात..." ते अडखळले. "या गावात टँकर आठ दिवसांनी येतो."

सगळे हात एकदम थांबले. ताडपत्रीची फडफड तेवढी ऐकू येत होती.

ती शांतता उपमंत्र्यांना टाळीपेक्षा जड गेली असावी, कारण ते घाईघाईनं म्हणाले, "परवापासून तो दिवसाआड येईल. मी शब्द देतो."

इतकं बोलून ते थांबले. अशा वाक्यापाशी थांबायची त्यांना सवय होती. समोरचे हात मांडीवरच राहिले.

शरणम्मा कुजबुजली, "अक्का, आता वाजवायची का?"

"टँकर येऊ दे," गुरम्मा म्हणाली. "मंग बघू."