पाचव्या कमानीचा रंग

रंगाचं मडकं गेलं हे देवाजीला कळलं ते बायकोच्या, कुंताबाईच्या तेरवीच्या दिवशी.

पंगती उठल्या होत्या. तो परसातल्या पत्र्याच्या खोलीशी गेला, तर नळाजवळ मडकं बसायचं तिथे मातीत नुसता गोल खळगा होता.

"बाई, इथचं मडकं कोणं नेलं?" त्याने मोठ्या बहिणीला विचारलं.

गोदावरीबाई उष्टी काढत होती. "ते काळ्या पाण्याचं? दहाव्याले घर सारवलं, तवा सारेच मडके बाहेर टाकले. सुतकातले मडके घरात ठेवते का कोणी?"

"त्यात रंग होता."

"मले वाटलं, कुंतानं भांडे घासाची राख भिजवली. असा तोंड पाडून काहून उभा राहिला गा?"

देवाजी खोलीत गेला. आत प्लायवूडच्या फळीवर त्याचा पूल होता. रेल्वेत ट्रॅकमन असताना वरठीकडच्या एका नाल्यावरच्या ज्या दगडी पुलावरून तो रोज हातोडा घेऊन चालायचा, तोच पूल, पण गुडघाभर उंचीचा. पाच कमानी. वरून विजेवर चालणारी छोटी आगगाडी जायची; ती मुलाने, भुपेंद्रने, आणून दिली होती.

देवाजी पीओपीची पातळ वडी थापायचा, ओली असतानाच सुरीने दगड कापायचा आणि लाकडी साच्यावर ते दोन्ही बाजूंनी चढवत आणायचा. मधला दगड शेवटी. रंग वाळला की साचा काढायचा. रंग मात्र कुंताबाईचा. तिचा भाऊ चिखल्याच्या मँगनीजच्या खाणीत होता, तो तिथली काळी माती आणून द्यायचा. ती त्यात चुना, चहाचं पाणी आणि आणखी काय काय घालून मडक्यात मुरवायची. मग बोटाला चिंधी गुंडाळून दगडांवर फिरवायची आणि लगेच पुसायची. काळं तेवढं सांध्यांत राहायचं. बघणाऱ्याला वाटावं, पुलाने किती पावसाळे काढले असतील.

चार कमानी रंगून झाल्या होत्या. पाचवी वेगळ्या छोट्या फळीवर, साच्यावर, पांढरीच उभी होती.

भुपेंद्र नागपूरला राहायचा. तिथल्या आगगाड्यांच्या प्रदर्शनात हा पूल ठेवायचं त्याने आईला कबूल केलं होतं. तेरवीनंतर तो थांबला तो त्यासाठीच.

"बाबा, शनिवारी पूल न्यायले गाडी येऊन राहिली. मी स्प्रे आणला. पाचही कमानींवर एकच हात मारून देऊ."

"चारींवर कायले? त्या झाल्या ना."

"रंग जुळणार नाई न बाबा. एक वेगळी दिसली, तर लोक तेच पाहतीन."

त्याचं चूक नव्हतं. पण चौथ्या कमानीच्या पायथ्याशी एकदा चिंधी सरकली होती, आणि तिथे कुंताबाईच्या अंगठ्याच्या रेषा उमटल्या होत्या. देवाजी नेमका त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"मी जुळवतो," तो म्हणाला.

त्याने प्लास्टिकच्या घमेल्यात चिखल्याची उरलीसुरली माती कालवली. वाळल्यावर रंग निळसर दिसला. चुना कमी केला, तर डांबरासारखा झाला. कुंताबाई म्हणायची, मडकं पाणी पिते तवा रंग पिकते. नवं मडकं आणून पिकवायला वेळ कुठे होता? भुपेंद्र येता-जाता स्प्रेचा डबा हलवून बघायचा. आतली गोळी खडखडली की देवाजी हातातलं काम टाकून तिकडे बघायचा. तो जेवता-जेवता उठून खोलीची कडी बघून यायचा.

शुक्रवारी सकाळी तो गावाबाहेरच्या बोडीवर गेला. या लहानशा तळ्याच्या पाळीवर गावातल्या सगळ्याच मयतांची मडकी पडलेली असायची. तो एकेक पालथं करून बघत गेला. बेशरमाच्या झुडपात शेवटी ते सापडलं. फुटलं होतं, पण गळ्याला कुंताबाईने बांधलेली तार तशीच होती. खापरीच्या आतून काळी पापडी धरली होती.

त्याने खापरी उचलली, तेवढ्यात पाळीवरून आवाज आला.

"ठेव ते खाली!" गोदावरीबाई गोवऱ्यांचं टोपलं घेऊन उभी होती. "सुतकातलं मडकं घरी नेशीन? येडा झाला का गा?"

"पापडीच पाहिजे बाई. कुंताचा रंग हाये."

"असंल. पण घरात नाई."

देवाजीने खापरी खाली ठेवली. "मंग इथंच आणतो कमान," तो म्हणाला.

"पुलाले बोडीवर आणशीन? आण बाबा, बुडव तळ्यात!"

सायकलच्या कॅरिअरला उशी बांधून त्यावर त्याने पाचवी कमान साच्यासकट ठेवली, वरून जुन्या धोतराचा धडपा झाकला आणि पायीच सायकल ढकलत आणली. प्रत्येक खाचेला त्याला कडकन आवाज आल्यासारखं वाटे. तो थांबायचा, धडपा उचलून मधला दगड बघायचा, पुन्हा चालायचा.

पाळीवर बसून त्याने सुरीने पापडी खरवडली, पाण्याचे थेंब टाकून भिजवली, चिंधीने डाव्या पायथ्याच्या दगडांवर फिरवली आणि पुसली. ओला रंग फारच काळा दिसला. तो वाकून फुंकर मारू लागला. गोदावरीबाई घरी जायची ती बाजूला बसूनच राहिली.

"फुंकर नको मारू," ती म्हणाली. "उन्हाले वाळू दे."

भुपेंद्र त्यांना शोधत आला, तेव्हा दगड वाळत आले होते. त्याने मोबाईलमधला चौथ्या कमानीचा फोटो उघडला आणि दगडांशेजारी धरला. बराच वेळ धरला.

"आईचाच हाये," तो म्हणाला.

देवाजी भराभर रंगवत गेला. मधल्या दगडापर्यंत आला आणि खापरी कोरडी पडली. सुरी नुसती तांबड्या मातीवर घासत होती.

"आता?" भुपेंद्रने विचारलं. "उद्या गाडी येते बाबा."

"चार ने. ही राहू दे."

"अर्धवट पूल कोणी ठेवते का प्रदर्शनात?"

"काम चालू आहे म्हणून सांगजो. रेल्वेत तशी पाटी लावते." मग तो म्हणाला, "आन् तो डबा दे माह्याजवळ."

घरी आल्यावर भुपेंद्रने स्प्रेचा डबा त्याच्या हातात दिला. शनिवारी चार कमानी गेल्या. चिखल्याहून माती यायची आहे, नवं मडकं अजून घेतलेलं नाही. पाचव्या कमानीची उजवी बाजू पांढरीच आहे, आणि खालचा साचा काढायचा राहिला आहे.