बरी झालेली धाकली

खाटेवरच्या आजारी रुपीच्या नाकाच्या टोकाशी पेजेचा एक थेंब लोंबत होता... तो पुसायला फागीने पदर पुढे केला आणि तिचा हात तिथेच थांबला. धाकलीच्याही नाकातून अशीच पेज यायची. घटसर्पातून उठलेली, आवाज गेंगाणा झालेली तिची आठ वर्षांची बहीण — नाचणीची पेज प्यायची, ती नाकातून बाहेर आली की दोघी चुलीपाशी हसून लोळायच्या. पोशेरा गाव सुटून सतरा वर्षं झाली, तरी जव्हार संस्थानच्या या दवाखान्यात फरशी पुसताना ते हसू आठवलं की फागीला बरं वाटे.

आज सकाळी डॉक्टरांनी तिला समजावलं होतं. घटसर्पाचा जंतू घशातच बसून राहतो. पुढे जातं ते त्याचं विष. शरीर बारीक बारीक पेशींचं असतं, विष त्यांना चिकटतं, आत शिरतं. रक्तात असेतो सुईतलं औषध त्याला गाठतं. एकदा आत गेलं की नाही. घसा मोकळा होतो, पोर जेवू लागतं, आणि तिकडे हृदय पोखरत असतं. नाकातून पेज येते, तीही त्याच विषाने. रुपीला अजून तीन आठवडे उठू द्यायचं नाही. तुझ्या घरी कुणाला झाला होता का, असं त्यांनी विचारलं. फागी नाही म्हणाली.

ओहोळावरच्या भुताने धाकलीला धरलं, हे घरी सगळ्यांनी मानलं होतं. आईने कोंबडं दिलं. मीही तेच धरून बसले, फागीच्या मनात आलं... पण ओहोळापर्यंत पळायची पैज कुणी लावली? धाकली पुढे होती, वळून वळून हसत होती — आणि मग दमल्यासारखी खाली बसली.

दुपारी रुपीची आई बायडी गाठोडं बांधू लागली. पोर जेवती आता, घरी वांगणीला नेते, म्हणाली. फागीने तिचं मनगट धरलं.

"माझी बहीण अशीच बरी झालेली. मीच तिला पळवली. ती तिथंच गेली."

बायडी खाटेशी बसली. मग तिने गाठोड्याची गाठ सोडायला घेतली.

फागीला हलकं वाटलं नाही. छातीत काहीतरी नव्याने दुखत होतं. पण इतकी वर्षं भुताच्या स्वाधीन केलेली धाकली आता पुन्हा तिची होऊन तिला दिसत होती — उन्हात, पुढे, धापा टाकत... आणि तिला थांब म्हणावं की अजून थोडं पळू द्यावं, हे फागीला ठरवता येईना.