इंग्रजीतली मेंढरं

मेंढरांपासून लांब जायचं म्हणून मी अकरावीला इंग्रजी साहित्य घेतलं. भूगोलात मेंढरं असतात, अर्थशास्त्रात पशुधन असतं आणि मराठीत एखादा तरी धडा असा निघतोच, ज्यात कुणीतरी काठी टेकून माळावर उभं असतं आणि लेखकाचं मन भरून येतं. इंग्रजी साहित्यात काय असणार? राजे, राण्या, धुकं आणि चहा. सांगोला तालुक्यातल्या धनगराच्या पोरीला एवढं अंतर पुरेल असं मला वाटलं होतं.

विजयमाला मॅडमनी पहिल्याच दिवशी इंग्रजी साहित्याची सगळी युगं फळ्यावर ओळीनं लिहिली आणि महिन्याला एक युग उरकायचं ठरवलं. पहिल्या युगात धिप्पाड माणसं राक्षस मारायची, भरपूर प्यायची आणि मरायची. मला ते आवडलं. मग मॅडम म्हणाल्या, हे सगळं मठातल्या साधूंनी मेंढराच्या कातड्यावर लिहून ठेवलं म्हणून टिकलं. दुसऱ्या युगात लोकरीच्या व्यापारावर देश गब्बर झाला आणि त्या पैशावर कवी पोसले गेले. तिसऱ्या युगात तर कहरच झाला. दरबारातले झाडून सगळे कवी मेंढपाळ झाले. मखमली बंडी घालून राणीपुढं उभे राहायचे आणि लिहायचे की मी एक गरीब मेंढपाळ, हिरव्या कुरणात झऱ्याकाठी बासरी वाजवत बसतो. मी घाबरून पुस्तक पुढं चाळलं. पाचव्या युगात एक जण डोंगरात पाय मोकळे करायला गेला होता, तिथंही मेंढरं होती. साहेबाच्या साहित्यातून मेंढरं काढली तर नुसतं धुकं उरतं.

मॅडमचा मात्र तिसऱ्या युगावर भारी जीव. त्यातली एक कविता त्या डोळे मिटून म्हणायच्या. तिच्यातला मेंढपाळ सकाळपासून संध्याकाळपर्यंत बासरी वाजवतो. त्याचं एकही मेंढरू लंगडत नाही, एकालाही जुलाब होत नाहीत. आमच्याकडं एवढा वेळ बासरी वाजवली तर मेंढरं शेजाऱ्याच्या ज्वारीत जातात, आणि शेजारी येऊन त्या बासरीचं काय करतो ते कवितेत लिहिता येणार नाही. हे सगळं माझ्या ओठावर यायचं आणि मी गिळून टाकायची, कारण मला हे कसं माहीत, असं कुणी विचारलं असतं.

सोलापूरला वसतिगृहात आले त्या आठवड्यात आईनं दिलेली घोंगडी मी खाटेवर टाकली होती. एक मुलगी नाक धरून म्हणाली, खोलीत मेंढरू आलंय वाटतं. सगळ्या हसल्या. सगळ्यात मोठ्यानं मी हसले. घोंगडी ट्रंकेच्या तळाला गेली, आणि वडील काय करतात, असं वर्गातल्या सिद्धेश्वरीनं विचारलं तेव्हा मी म्हटलं, फिरतीवर असतात. सिद्धेश्वरीच्या घरी शेंगदाण्याचा घाऊक धंदा. फिरतीवर म्हणजे औषध कंपनीत, असा तिनं स्वतःच हिशेब लावला आणि सगळ्यांना सांगितला. मी तो खोडला नाही. या कॉलेजात आपण धनगराची पोर आहोत हे कुणालाही कळता कामा नये, एवढं एकच मी ठरवलं होतं.

एके दिवशी मॅडमनी मला ती कविता वाचायला लावली. वाचून झाल्यावर त्या हळहळल्या. म्हणाल्या, उच्चार चांगले आहेत, पण तुझ्या आवाजात कुरण येत नाही. तुला मेंढपाळाची कल्पनाच करता येत नाही, दिपाली. मग त्यांचे डोळे चमकले आणि त्यांनी क्षेत्रभेट जाहीर केली. खरा मेंढपाळ बघायचा, त्याच्याशी बोलायचं आणि त्यावर प्रकल्प लिहायचा. जो येणार नाही त्याला प्रकल्पाचे गुण नाहीत. सिद्धेश्वरी लगेच म्हणाली, मंगळवेढा रोडला आमच्या शंकरप्पाकाकांच्या रानात मेंढरं बसलीत.

शेताला खत मिळावं म्हणून शेतकरी मेंढरांचा कळप काही रात्री रानात बसवून घेतात. चारच दिवसांपूर्वी वडिलांचा, आप्पांचा, फोन आला होता. आमी सोलापूरच्या जवळच हाय, रविवारी ये, असं म्हणत होते. मी म्हटलं होतं, अभ्यास आहे. कुणाच्या रानात ते मी मुद्दाम विचारलं नव्हतं. मिनीबसमध्ये मी बिरोबाला सांगितलं की या दिवसांत शंभर कळप इकडं उतरतात, त्यातला कुठलाही दाखव. बिरोबानं अर्थातच ऐकलं नाही.

बसमधून उतरायच्या आधी मला आमचं बिऱ्हाड वाहणारं घोडं दिसलं. मग वाघरीच्या जाळ्यात बसलेली कोकरं, मग चूल, आणि मग लाल पटका बांधलेले आप्पा. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचं तोंड उजळलं. मी खाली बुटांकडं बघितलं. वर बघितलं तेव्हा आप्पांचा चेहरा शांत झाला होता, बाजारात अनोळखी गिऱ्हाईक आल्यावर होतो तसा. तेवढ्यात त्यांना सगळं कळलं होतं. त्यांनी मागं वळून सांगितलं, कॉलेजची पावणी आलीत, पाणी आण. आई कळशी घेऊन उठली, तिनं मला पाहिलं, कळशी खाली ठेवली आणि घोड्याच्या पलीकडं जाऊन पाठ फिरवून उभी राहिली. तिला खोटं जमत नाही.

आप्पांना मात्र इतकं जमत होतं की मी बघतच राहिले. मॅडमनी विचारलं, बासरी वाजवता का? आप्पा म्हणाले, हुती एक, कुत्र्यानं चावली, आता मोबाइलवर गाणी लावतो. संध्याकाळी मेंढरं परतताना मनात काय दाटून येतं, असं मॅडमनी विचारलं. सगळी आली का ते, आप्पा म्हणाले. मॅडमनी हे सगळं भक्तिभावानं लिहून घेतलं. मग त्यांनी कळपाकडं तोंड करून ती कविता पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. मेंढरं रवंथ करत राहिली. एका शेळीनं सिद्धेश्वरीची प्रश्नावली अर्धी खाल्ली. साहित्याचा एवढा सन्मान तिथं दुसऱ्या कुणी केला नाही.

निघायची वेळ झाली. आप्पा रीतीनं एकेका मुलीला गाव विचारू लागले. कुणी करमाळ्याची, कुणी करकंबची. माझ्याजवळ आल्यावर ते थांबले. मला सोडून पुढं गेले असते तर कुणाच्या तरी डोळ्यावर आलं असतं, म्हणून त्यांनी मलाही विचारलं.

"आन् तुमी, ताई? तुमी कुटल्या? लांबनं आलेल्या दिसताय."

ते माझ्या डोक्यावरून पलीकडं बघत होते. मला पुण्याची म्हणता आलं असतं, लातूरची म्हणता आलं असतं. मी सुटले होते, कायमची. आणि मला इतका संताप आला की कान तापले. लाज नंतर वाटली, आधी संताप. माझ्या बापानं मला परकं करावं आणि तेही इतक्या सफाईनं, माझी सोय म्हणून, हे मला सहन होईना.

"तुमचीच की, आप्पा," मी म्हटलं. "दुसरी कुणाची असणार?"

आप्पांनी कपाळावर हात मारला. सिद्धेश्वरी माझ्यापासून दोन पावलं लांब झाली, आणि तिचं बरोबर होतं. मॅडमनी मात्र मला जवळ घेतलं, ऑथेंटिक असं तीनदा म्हणाल्या आणि जागेवरच मला स्नेहसंमेलनाच्या नाटकातली मेंढपाळीण करून टाकलं. मग, बाप-लेकीला जरा बोलू द्या, असं म्हणून त्या मुलींना घेऊन बसकडं गेल्या.

आप्पा हळू आवाजात चिडले. म्हणाले, मी येवडं निभावून नेत हुतो, मधेच तुला काय झालं? मी वाघरीतून सुटलेलं एक कोकरू धरून आत सोडलं. मग त्यांनीच विचारलं, बाईंनी मघाशी म्हटलं ते काय हुतं? मी त्यांना ती कविता मराठीत सांगितली. हसावं म्हणून सगळं तिखटमीठ लावून सांगितलं. हिरवं कुरण सांगितलं, बारमाही झरा सांगितला, कधीच न लंगडणारी मेंढरं सांगितली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी पटका काढून परत नीट बांधला.

"हे साहेबानं लिवलंय? आमच्यावर?"

"व्हय."

"कवा?"

"चारशे वर्सं झाली."

त्यांनी घोड्याकडं तोंड करून आईला हाक मारली. "फुला, हिकडं ये. आपल्यावर लिवलंय. इंग्रजीत."

ते कवी कधी मेंढराच्या वाऱ्यालाही उभे राहिले नव्हते, हे सांगायला मी तोंड उघडलं. महिनाभर तेच तर गिळत होते. पण आप्पा ताठ उभे होते, आणि मी तोंड मिटलं.

आई पदरानं डोळे पुसत आली. आधी तिनं माझ्या पाठीत एक धपाटा घातला. मग आप्पांनी तिला पुन्हा सगळं सांगितलं, माझ्यापेक्षा रंगवून, झऱ्याला आणखी थोडं पाणी सोडून. तिनं ऐकून घेतलं.

"त्यात बाईमाणूस हाय का कुटं?" तिनं मला विचारलं.

"हाय की. मेंढपाळीण हाय."

"काय करती?"

मी आठवून पाहिलं. "काय न्हाय. झाडाखाली बसती. फुलं माळून."

"आन् मंग?"

"मंग काय न्हाय. नुसती बसती."

आई हसायला लागली. आधी पदराआड, मग पदर सुटला. सकाळपासून ती टेकली नसणार. चूल, कोकरं, पाणी, वाघर, सगळं तिच्याच अंगावर. हसता हसता ती नांगरटीत मटकन खाली बसली. आप्पांना जरा राग आला, त्यांच्या साहेबाला हसते म्हणून. नुसती बसती, नुसती बसती, असं म्हणत ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होती. मॅडमनी बसमधून दोनदा हाक मारली, पण आई हसायची थांबेना आणि मला तिथून हलवेना.